काटकोन दिसतोय म्हणजे काटकोन आहे का?

“काटकोन दिसायलाय की, सर!” सोलापुरात भूमिती शिकवणाऱ्याला हे वाक्य नवं नाही. पोरगं खोटं बोलत नसतं. पेपरात किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर जी आकृती असते तिच्यात काटकोन खरोखरच दिसत असतो. त्यावर ते पायथागोरस लावतं, उत्तर छान पूर्णांकात येतं, चार पर्यायांत ते उत्तर असतंसुद्धा, आणि तरीही गुण जातो. आई-वडील वही उलटीसुलटी करून बघतात. आकडेमोड बरोबर, सूत्र बरोबर, मग चुकलं कुठे?

चूक आकडेमोड सुरू होण्याआधीच झालेली असते. आकृतीकडे बघून मनातल्या मनात आपण काय काय धरून चाललो, तिथे.

हा घोळ आता दहावीपुरता उरलेला नाही. एकाच घरात धाकटा शिष्यवृत्तीची तयारी करत असतो, मधला दहावीत असतो आणि थोरली इंजिनिअरिंग उरकून अमेरिकेला जायचं म्हणून जीआरईची पुस्तकं मांडून बसलेली असते. तिघांच्याही समोर त्रिकोण, वर्तुळं आणि चौकोनच असतात, पण त्या आकृत्यांवर किती विश्वास ठेवायचा याचे नियम तिघांना वेगवेगळे. हे नियम बहुतेक वेळा सूचनांच्या पानावर छापलेले असतात, आणि ते पान म्हणजे नाव-नंबर लिहायची जागा असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे.

आकृती म्हणजे फोटो नव्हे

लग्नपत्रिकेच्या मागे छापलेला नकाशा आठवा. सात रस्त्यावरून होटगी रोडला लागा, आसरा चौक ओलांडा, पुढे पेट्रोल पंप, मग डाव्या हाताला कार्यालय. नकाशात सात रस्ता ते आसरा चौक दोन बोटं अंतर आणि चौक ते कार्यालयही दोन बोटंच. म्हणून कुणी ही दोन्ही अंतरं सारखी धरून रिक्षावाल्याशी भाडं ठरवत नाही. पण आधी चौक, मग पंप, मग कार्यालय हा क्रम आणि वळण डावीकडे आहे ही गोष्ट, एवढ्यावर पाहुणे बिनधास्त निघतात. नकाशात अंतर चुकलं तर कुणी हूं की चूं करत नाही. क्रम चुकला तर मात्र यजमानांना फोनवर फोन येतात.

परीक्षेतली भूमितीची आकृती अशीच वाचायची असते. तिच्यात दोन प्रकारची माहिती असते. एक स्थानाची: कोणता बिंदू कोणत्या दोघांच्या मधे आहे, कोणती रेषा कुणाला छेदते, काय आत आणि काय बाहेर. दुसरी मापाची: कोणती बाजू किती लांब, कोन किती अंशांचा, दोन रेषा समांतर आहेत का. जी आकृती दोन्ही बाबतीत खरी असते तिला ‘प्रमाणात काढलेली’ म्हणतात. बऱ्याच परीक्षा पहिल्या माहितीची हमी देतात आणि दुसऱ्या माहितीबद्दल हात वर करतात.

आपल्या बोर्डाच्या मुलांना हे खरं तर नवीन नसतं. रचनेचं उदाहरण सोडवताना आपण आधी कच्ची आकृती काढतो, तिच्यावर मापं लिहितो आणि मग पट्टी-कंपास घेऊन पक्की आकृती काढतो. कच्च्या आकृतीत ६ सेमीची बाजू ४ सेमीच्या बाजूपेक्षा आखूड दिसली तरी कुणी पोटात गोळा आणत नाही. परीक्षेत छापून आलेली आकृती कितीही सुबक असली तरी ती दुसऱ्या कुणीतरी काढलेली कच्ची आकृती आहे, एवढं धरून चाललं तरी बरीच पडझड वाचते.

जीआरई काय म्हणते

जीआरईचा नियम सगळ्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, म्हणून तोच आधी घेऊ. भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही, त्यामुळे लांबी आणि कोनाची मापं डोळ्यांनी ठरवू नका. मात्र जी रेषा सरळ दाखवली आहे ती सरळच आहे, रेषेवरचे बिंदू दाखवलेल्या क्रमानेच आहेत, आणि आकृतीतल्या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या संदर्भात दाखवलेल्या जागीच आहेत. आकृती सपाट प्रतलातली आहे, वेगळं सांगितलं नसेल तर.

एक उदाहरण जवळून बघू. त्रिकोण अबक. पाया बक आडवा, शिरोबिंदू अ वर बरोबर मधोमध. बक वर ड हा बिंदू, आणि अ पासून ड पर्यंत सरळ खाली रेघ. आकृतीवर एकही माप नाही, एकही खूण नाही. जीआरईत तुलनेचे प्रश्न असतात: डावीकडची राशी मोठी, उजवीकडची मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, असे चार ठरलेले पर्याय.

विचारलं की बड मोठी की डक? डोळे म्हणतात समान. उत्तर: ठरवता येत नाही. ड मधोमध आहे असं कुणी सांगितलेलं नाही.

आता त्याच आकृतीवर विचारलं, बक मोठी की बड? इथे उत्तर पक्कं आहे, बक मोठी, कारण ड हा ब आणि क यांच्या मधे आहे आणि हा क्रम आकृतीतून घ्यायची परवानगी आहे. तसंच कोन बअक हा कोन बअड पेक्षा नक्की मोठा, कारण रेघ अड त्या कोनाच्या आतून गेली आहे. एकही आकडा नसताना आकृतीवरून ठाम उत्तर देता आलं. म्हणजे ‘आकृतीवर अजिबात विश्वास ठेवू नका’ असं जे काही क्लासमध्ये फळ्यावर लिहून देतात तेही चूकच. तसं शिकलेली मुलं या दुसऱ्या प्रश्नालाही ‘ठरवता येत नाही’ वर टिक करून येतात.

कोणती गोष्ट कोणत्या खात्यात टाकायची हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. आकृती रबरावर काढली आहे असं समजा आणि ती मनातल्या मनात जरा ताणा. ड डावीकडे सरकेल, अ एका बाजूला कलेल, काटकोन ८० अंशांचा होईल, समान बाजू असमान होतील, समांतर रेषा लांब कुठेतरी भेटतील. पण ड हा ब आणि क च्या मधेच राहील, आणि अड कोनाच्या आतच. ताणल्यावर जे मोडतं ते प्रश्नात लिहिलेलं असल्याशिवाय घ्यायचं नाही. ताणूनही जे टिकतं ते घ्यायला हरकत नाही. केनेथ मँडर्स या अभ्यासकाने युक्लिडच्या आकृत्यांवर लिहिताना १९९० च्या दशकात हाच भेद मांडला: थोड्याशा विकृतीने बिघडणारे गुणधर्म शब्दांतून यायला हवेत, न बिघडणारे आकृतीतून घेतलेले चालतात.

खुणा म्हणजे लिहिलेलंच. कोपऱ्यातला छोटा चौकोन म्हणजे काटकोन, बाजूंवरच्या सारख्या आडव्या रेघोट्या म्हणजे समान लांबी, रेषांवरचे बाण म्हणजे समांतर. खूण असेल तर आकृती कितीही वाकडी दिसो, खुणेचं ऐकायचं. वर्तुळाचं केंद्र, स्पर्शिका, मध्यबिंदू यांच्यासाठी मात्र प्रश्नातला मजकूरच शोधावा लागतो. वर्तुळाच्या अगदी मधोमध दिसणारी जीवा व्यास असेलच असं नाही, ती केंद्रातून जाते असं कुठेतरी म्हटलेलं हवं.

२४ की २५?

आता एक असं उदाहरण, जिथे पोरं हमखास पडतात. चौकोन दिलाय, चारही बाजू ५, दिसायला अगदी चौरस. एक कर्ण काढलाय, त्यावर ६ लिहिलंय. क्षेत्रफळ विचारलंय. पर्यायांत २४ आहे आणि २५ पण आहे.

घाईत ५ गुणिले ५ करून २५ वर टिक पडते. पण चारही बाजू समान असणं म्हणजे समभुज चौकोन, चौरस नव्हे. बिजागऱ्या लावलेल्या चौकटीसारखा तो दाबत गेलं तर बाजू ५ च राहतात आणि क्षेत्रफळ २५ पासून शून्याच्या जवळ कुठेही जाऊ शकतं. ते कुठे थांबलं हे कर्ण सांगतो. समभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना काटकोनात दुभागतात. अर्धा कर्ण ३, बाजू ५, म्हणून दुसरा अर्धा ४ आणि दुसरा कर्ण ८. क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे २४. बाजू ५ चा खरा चौरस असता तर त्याचा कर्ण ७ पेक्षा थोडा मोठा आला असता, ६ येणं शक्यच नव्हतं. आकृती चौरस म्हणतेय आणि आकडा नाही म्हणतोय. अशा भांडणात आकड्याची बाजू घ्यायची.

सरळ रेषेला सूट का?

चाणाक्ष वाचक इथे अडवेल. रबर ताणल्यावर सरळ रेषाही वाकडी होईल की! मग ती आकृतीतून कशी घ्यायची? मुद्दा बरोबर आहे. कसोटी लावली तर सरळपणा टिकत नाही, तरी त्याला सूट दिलेली आहे, आणि ती सोयीसाठी दिलेली आहे. ही सूट नसती तर प्रत्येक आकृतीखाली ‘ब, ड, क एकरेषीय आहेत’ अशी यादी छापावी लागली असती.

बोर्डाच्या पेपरातही हीच सूट आपण रोज घेतो. सिद्धतेत प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं असतं: (पक्ष), (संगत कोन), (बाकोबा कसोटी). त्यात (विरुद्ध कोन) किंवा (रेषीय जोडीतील कोन) लिहिलं की तपासणारे पूर्ण गुण देतात. ‘या दोन रेषा सरळ आहेत हे तुला कसं कळलं?’ असं कुणी विचारत नाही. एमबीएच्या प्रवेशासाठी असलेल्या जीमॅट परीक्षेच्या जुन्या सूचनांत तर असंही होतं की सरळ रेषा पडद्यावर दातेरी दिसली तरी ती सरळच समजा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, त्यावरून कुणी वाद घालू नये म्हणून.

क्रम चुकला तर सगळे त्रिकोण समद्विभुज!

स्थानाच्या माहितीला कमी लेखू नका. ती चुकली तर काय होतं हे दाखवणारं एक जुनं कोडं आहे. दहावीच्या मुलांना मी ते हमखास घालतो, आणि पहिल्या बाकावरची पोरं सगळ्यात जास्त चिडतात.

त्रिकोण अबक घ्या. अब ८ सेमी, अक ६ सेमी. आता ‘सिद्ध’ करू की अब आणि अक समान आहेत. कोन अ चा दुभाजक काढा. बाजू बक चा लंबदुभाजक काढा. दोघे जिथे भेटतात तो बिंदू स. स पासून अब वर लंब टाका, तो प मध्ये मिळतो. अक वर लंब टाका, तो फ मध्ये मिळतो. हाताने भराभर काढलं की स त्रिकोणाच्या आत येतो.

त्रिकोण असप आणि असफ बघा. अ जवळचे कोन समान, प आणि फ जवळ काटकोन, बाजू अस सामाईक. कोकोबा कसोटीने एकरूप. म्हणून अप = अफ आणि सप = सफ. स हा बक च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून सब = सक. मग काटकोन त्रिकोण सपब आणि सफक कर्णभुजा कसोटीने एकरूप, म्हणून पब = फक. आता बेरीज करा. अप + पब = अफ + फक. म्हणजे अब = अक. आठ बरोबर सहा!

प्रत्येक ओळीचं कारण खरं आहे. कसोट्या बरोबर लावल्या आहेत. खोट आहे ती आकृतीत. पट्टी-कंपास घेऊन नीट काढा, स त्रिकोणाच्या आत येतच नाही. तो बक च्या पलीकडे, बाहेर पडतो. प अब वरच राहतो, पण फ मात्र क च्या पुढे, अक वाढवलेल्या भागावर जातो. म्हणजे अ-प-ब हा क्रम खरा, पण दुसऱ्या बाजूला अ-फ-क नसून अ-क-फ. अप आणि अफ दोन्ही ७, पब आणि फक दोन्ही १. अब म्हणजे ७ अधिक १, आठ. अक म्हणजे ७ वजा १, सहा. फक्त एक बिंदू रेषेवर चुकीच्या जागी धरला आणि बेरजेच्या ठिकाणी वजाबाकी हवी होती हे कळलंच नाही.

परीक्षेने छापलेल्या आकृतीतल्या क्रमाची हमी परीक्षा घेते. तुम्ही स्वतः काढलेल्या आकृतीची हमी कोण घेणार? म्हणून जिथे आकृती दिलेली नसते, ‘त्रिकोणाच्या कोनाचा दुभाजक अमुक रेषेला भेटतो’ असं नुसतं शब्दांत असतं, तिथे आपली कच्ची आकृती जरा जपून काढावी. मापं चुकली तर चालतात, पण कोण आत, कोण बाहेर, कोण मधे हे चुकलं तर सगळंच वाहून जातं.

युक्लिडसुद्धा आकृतीवर विसंबला होता

हे वाचून पोरांना वाईट वाटायचं कारण नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने भूमितीचे १३ खंड रचले, त्यातल्या पहिल्याच प्रमेयात तो रेख घेऊन समभुज त्रिकोण काढतो. रेखेच्या दोन्ही टोकांना केंद्र धरून दोन वर्तुळं, ती जिथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. पण ती वर्तुळं एकमेकांना छेदतातच हे त्याच्या कुठल्याच गृहीतकात लिहिलेलं नाही. आकृतीत छेदताना दिसतात, म्हणून छेदतात.

शतकानुशतकं हे चाललं. १८८२ मध्ये मोरित्झ पाश या जर्मन गणितज्ञाने अशा न सांगितलेल्या गोष्टी शब्दांत आणल्या. उदाहरणार्थ, एखादी रेषा शिरोबिंदूतून न जाता त्रिकोणाच्या एका बाजूतून आत शिरली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी बाजूने बाहेर पडतेच. चित्र बघून हे सांगायचीही गरज वाटत नाही, पण त्याच्या आधी ते गृहीतक म्हणून कुणी मांडलं नव्हतं. १८९९ मध्ये डाविड हिल्बर्टने ‘मधे असणे’ या कल्पनेसाठी स्वतंत्र गृहीतकांचा गटच केला. आपल्या नववीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात ‘दरम्यानता’ येते, आणि मुलं ‘दोन गुणांचं आहे, पटकन उरकू’ म्हणून पान उलटतात. ब-ड-क (ड हा ब आणि क च्या मधे) या छोट्याशा खुणेतली कल्पना नीट मांडायला गणिताला दोन हजारांवर वर्षं लागली.

कोणत्या परीक्षेत काय?

आता व्यवहाराचं. दहावीचा गणित भाग २ म्हणजे भूमिती, ४० गुणांचा लेखी पेपर. इथे ‘सोबतच्या आकृतीत’ असं म्हणून आकृती येते, आणि मोजून उत्तर काढायचा प्रश्नच नसतो, कारण कारण लिहावं लागतं. ‘आकृतीत दिसते’ हे कारण कुठेही चालत नाही. एक अपवाद रचनेचा. तिथे सगळं उलट, मापं मिलिमीटरपर्यंत जपायची आणि रचनेच्या खुणा पुसायच्या नाहीत.

शिष्यवृत्तीत गंमत आहे. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. गणितातल्या त्रिकोणावर डोळे ठेवून उत्तर द्यायचं नाही. बुद्धिमत्ता चाचणीत मात्र आरशातली प्रतिमा, गटात न बसणारी आकृती, ‘किती त्रिकोण आहेत’ असले प्रश्न, म्हणजे डोळ्यांशिवाय दुसरं हत्यारच नाही. एकाच दिवशी लहान मुलाने आधी डोळ्यांवर अविश्वास ठेवायचा आणि दुपारी फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. हा फरक त्याला कुणीतरी बसून सांगायला हवा. सहसा कुणी सांगत नाही.

अमेरिकेत बारावीनंतर प्रवेश हवा म्हणून सॅट देणाऱ्यांसाठी नियम वेगळा. तिथे सूचनेतच लिहिलेलं असतं की वेगळं सांगितलं नसेल तर आकृत्या प्रमाणात आहेत. म्हणजे कोन लघुकोन दिसत असेल आणि पर्यायांत ४०, ६०, १२० आणि १४० असतील तर शेवटचे दोन खुशाल खोडा. काटकोनाची शंका असेल तर कच्च्या कागदाचा कोपरा पडद्याला लावून बघितला तरी अंदाज येतो. आकृतीखाली ‘प्रमाणात नाही’ अशी टीप असेल तर मात्र हे सगळं बंद. आणि एसीटी, जी सॅटसारखीच बारावीनंतरच्या प्रवेशासाठी असते, तिच्या सूचना बरोबर उलट सांगतात: आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही. एकाच देशातल्या दोन परीक्षा, एकाच वयाची मुलं, आणि दोन टोकांचे नियम!

जीआरईतही एक उपनियम आहे, तो निसटतो. संख्यारेषा, आलेखाची प्रतलं, स्तंभालेख आणि वृत्तालेख प्रमाणात असतात. त्यांच्यावरून वाचन आणि अंदाज दोन्ही चालतात. नुसत्या त्रिकोण-वर्तुळांना तेवढी ही सवलत नाही.

जीमॅटचं सांगायचं तर २०२३ च्या अखेरीस तिचं नवं रूप आलं आणि त्यात भूमितीच काढून टाकली. पण सीनियरकडून सीनियरकडे फिरत आलेली जाड पुस्तकं अजून जुन्याच सूचना सांगत असतात. पुस्तक घेताना आतलं छपाईचं साल बघा, मगच सूचनांचं पान पाठ करा.

“मग आकृती द्यायचीच कशाला? ही तर फसवणूक झाली”

पालकांचा हा आक्षेप मला अर्धा पटतो. आकृतीशिवाय प्रश्न लिहून बघा: ‘त्रिकोण अबक मध्ये बाजू बक वर ड असा बिंदू आहे की...’ अशी वाक्यांची मालगाडी लागते. आकृती तेच एका नजरेत सांगते. शिवाय प्रमाणात काढली तर पट्टी आणि कोनमापकाने उत्तर निघेल, विचार न करता.

पण खरं कारण याहून खोल आहे. ‘कुठलाही एक त्रिकोण’ कागदावर काढताच येत नाही. काढला की तो कुठल्या तरी ठरावीक कोनांचा आणि बाजूंचा होतोच. प्रश्न असंख्य त्रिकोणांबद्दल असतो आणि छापायला मिळतो एकच. त्या एकाच्या अंगावरच्या योगायोगाने आलेल्या गोष्टी सगळ्यांच्या समजल्या की घात होतो. त्यात माणसाच्या हाताला सवय असते, पाया आडवा आणि टोक मधोमध. म्हणून साधा त्रिकोणही समद्विभुज दिसतो.

उरलेला अर्धा आक्षेप मान्य. काही सराव-संचांत मुद्दाम १३० अंशांचा कोन लघुकोन म्हणून काढलेला असतो आणि त्याची सूचना कुठेच नसते. जिथे नियम लिहिलेला नाही तिथे तो पाळला नाही म्हणून गुण कापणं मला पटत नाही. अशा संचांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

“परीक्षेत एवढा विचार करायला वेळ कुठे असतो?”

दर प्रश्नाला नको. शंका येईल तिथेच, आणि तेही पेन्सिलीने. दिलेली माहिती तेवढी ठेवून आकृती दुसऱ्यांदा काढायची, शक्य तितकी बेढब. अ ला डावीकडे फेका, ड ला क च्या जवळ ढकला, चौकोन चेपून टाका. उत्तर बदललं तर छापील आकृतीने फसवलं होतं. दोन टोकाच्या आकृत्या काढूनही उत्तर तेच राहिलं तर पुढे चला. जीआरईच्या तुलनेच्या प्रश्नांत हे विशेष कामाला येतं, कारण एका आकृतीत डावी राशी मोठी आणि दुसरीत उजवी मोठी निघाली की चौथा पर्याय, विषय संपला. सराव झाला की याला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

“आणि परीक्षक कधीच चुकत नाहीत वाटतं?”

चुकतात की! आकृतीवर भाळूनच चुकल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९८० च्या पीसॅट (सॅटच्या आधी देतात ती) परीक्षेत दोन पिरॅमिड दिले होते. एकाला चार चेहरे, म्हणजे सपाट बाजू, चारही समभुज त्रिकोण. दुसऱ्याचा तळ चौरस आणि वर चार समभुज त्रिकोण. सगळे त्रिकोण एकाच मापाचे. एकाचा त्रिकोणी चेहरा दुसऱ्याच्या त्रिकोणी चेहऱ्यावर तंतोतंत चिकटवला तर तयार होणाऱ्या घनाकृतीला बाहेरून किती चेहरे?

परीक्षकांचं उत्तर ७. चार आणि पाच मिळून नऊ, चिकटलेले दोन वजा. आकृतीत दोन वेगळे पिरॅमिड दिसत होते, त्यामुळे चिकटवल्यावरही त्यांचे उरलेले चेहरे वेगळेच राहतील असं मानलं गेलं. फ्लोरिडातल्या एका १७ वर्षांच्या मुलाने ५ उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं. चौरस तळाच्या पिरॅमिडमध्ये शेजारच्या दोन त्रिकोणांमधला कोन सुमारे १०९.५ अंश, चारही चेहरे त्रिकोणी असलेल्या पिरॅमिडमध्ये सुमारे ७०.५. दोन्ही मिळून नेमके १८०. त्यामुळे चिकटवल्यावर दोन ठिकाणी शेजारचे चेहरे एकाच सपाटीत येतात आणि मिळून एक होतात. सातातले दोन गेले, उरले पाच. १९८१ मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चूक मान्य करून ५ लिहिणाऱ्यांचे गुण वाढवावे लागले.

विश्वास बसत नसेल तर जाड कागदातून एकाच मापाचे आठ समभुज त्रिकोण आणि त्याच बाजूचा एक चौरस कापा, चिकटपट्टीने दोन्ही पिरॅमिड करा, त्रिकोणाला त्रिकोण जोडा आणि सांध्यावर आडवी पट्टी ठेवा. पट्टीखाली फट राहत नाही.